जुन्या इंजिनाला नव्या इग्निशनचे पार्ट लावून फ्युएल इंजेक्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ब्युरेटर आणि सीबी पॉइंटवर (कॉइलचा करंट तोडून स्पार्क घडवणारा यांत्रिक स्विच) चालणारं इंजिन इंजेक्शनवर घ्यायचं ठरलं की जो तो आधी इंजेक्टर आणि पंप गोळा करायला लागतो. माझं म्हणणं याच्या बरोबर उलटं आहे. आधी स्पार्क, मग पेट्रोल. क्रँक कुठे आहे हे ज्या ईसीयूला (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) पक्कं कळतं त्यालाच पेट्रोल वेळेवर मारता येतं, आणि ते कळायला लागणारे पार्ट नंतरच्या पिढीच्या गाड्यांमध्ये आयतेच असतात, ते काढून आणायचे आणि जुन्या इंजिनाला जुळवून घ्यायचे. खालचे प्रश्न मला पुन्हापुन्हा येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

मला फक्त इंजेक्शन हवंय, इग्निशनला कशाला हात लावू?

नाही लावला तरी इंजिन चालतं, हे आधीच सांगतो. कॉइलच्या निगेटिव्हवरून आरपीएमचा सिग्नल घ्यायचा, ईसीयू फक्त पेट्रोल सांभाळेल आणि स्पार्क जुन्या डेल्कोकडेच (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर) राहील. बरेच जण इथूनच सुरुवात करतात आणि मग महिनाभर इंजिन मिसिंग का मारतंय ते शोधत बसतात. कारण पॉइंट उघडताना किंचित उडतात, डेल्कोचं बुश झिजलेलं असतं, शाफ्ट हलतो, आणि कॉइलच्या निगेटिव्हवर प्रत्येक स्पार्कला शेकडो व्होल्टचा झटका येतो, तोच सिग्नल म्हणून ईसीयूला दिला की तो मधेच दोन मोजतो, मधेच एकही नाही. आरपीएम चुकला की पेट्रोल चुकलं.

दुसरं कारण कॉइलच्या वेळेचं. ६००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदात होतो. चार सिलिंडरला एकच कॉइल असेल तर तिला दर ५ मिलिसेकंदांनी स्पार्क द्यावा लागतो, त्यातच चार्जही व्हायचंय, आणि चार्ज ती पॉइंट मिटलेले असतानाच होते, ते अर्धवट वेळच मिटलेले असतात. नव्या कॉइलला चार्ज व्हायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. दोन कॉइलचा पॅक लावला की प्रत्येकीला पूर्ण १० मिळतात, आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आणि कॅमचा सिग्नल असेल तर २०. वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं वाटतं त्याचं बरंचसं श्रेय याला आहे.

नव्या गाडीतून नेमकं काय काय काढून आणायचं?

दात्यांची चकती, तिच्यासमोरचा सेन्सर, कॉइल, आणि कॉइल चालवणारं मॉड्यूल, ते वेगळं असेल तर. सोबत कनेक्टर वायरच्या एक-दीड फूट शेपटासकट कापून आणा, हे लोक हमखास विसरतात आणि नंतर तेवढ्या एका कनेक्टरसाठी अडून बसतात.

सगळ्यात सोपा सेट म्हणजे फोर्डचा ईडीआयएस, म्हणजे डेल्कोशिवाय स्पार्क देणारी इग्निशन सिस्टिम, १९९०च्या दशकातल्या फोर्ड गाड्यांमधला. जुन्या इंजिनांवर तो इतक्या लोकांनी बसवलाय की त्यातल्या खाचाखोचा सगळ्या माहीत झाल्यात. बॉशच्या सिस्टिमवाल्या गाड्यांमध्ये ६० वजा २ दात्यांची चकती असते, तीही छान. कॉइल म्हणाल तर टोयोटाच्या प्लगवर बसणाऱ्या कॉइल आणि जीएमच्या एलएस इंजिनाच्या कॉइल, दोन्हींत ड्रायव्हर आतच असतो, चार पिना, ईसीयूकडून ५ व्होल्टचा सिग्नल दिला की झालं. टोयोटाच्या कॉइलमधली एक पिन ‘स्पार्क झाला’ असं परत कळवणारी असते, बाहेरच्या ईसीयूला ती लागत नाही, मोकळी सोडा.

३६ वजा १ म्हणजे काय आणि ती चकती कशी जुळवायची?

३६ दात्यांची जागा आणि त्यातला एक दाता काढलेला. म्हणजे प्रत्येक दाता १० अंशांवर, आणि जिथे दाता नाही तिथे सेन्सरला खाच दिसते, तीच खूण. ६० वजा २ मध्ये दाता ६ अंशांवर आणि खाच दोन दात्यांची.

ईडीआयएसच्या चार सिलिंडरच्या मॉड्यूलला ती खाच पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ९० अंश आधी सेन्सरसमोर यायला हवी असते. सहा सिलिंडरला ६० अंश, आठला ५०. आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगतो. इंजिन पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीवर उभं करा. क्रँक ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने खाचेपासून दाते मोजत या, एक, दोन, तीन... नववा दाता सेन्सरच्या बरोबर मधोमध समोर आला पाहिजे. चार सिलिंडरला नऊ, सहाला सहा, आठला पाच. पाचशे वेळा मोजा पण वेल्डिंगच्या आधी मोजा. दोन-तीन अंश इकडेतिकडे झालं तर सॉफ्टवेअरमधून सरळ करता येतं, पूर्ण दाता चुकला तर टायमिंग १० अंशांनी चुकलं.

पण त्याआधी टीडीसी खरी कुठे आहे ते शोधा, पुलीवरच्या जुन्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या डॅम्परमध्ये (क्रँकच्या टोकावरची धक्के शोषणारी पुली) बाहेरची रिंग आणि आतला हब यांच्यामध्ये रबर असतं, ते म्हातारं झालं की बाहेरची रिंग हळूहळू सरकते आणि तिच्यावरची खूणही सरकते. खात्रीची पद्धत अशी: प्लगच्या भोकातून पिस्टनला अडवणारा स्टॉपर घाला, क्रँक हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवून खूण करा, मग उलट बाजूला अडेपर्यंत फिरवून दुसरी खूण करा, दोन्हींच्या बरोबर मधली जागा ही खरी टीडीसी. स्टार्टर मारून हे कधीही करायचं नाही. आणि याच कारणाने चकती डॅम्परच्या बाहेरच्या रिंगवर न बसवता आतल्या हबवर बसवा.

चकती डगमगता कामा नये, लेथवर सेंटर काढून घ्या, पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर मी तरी ती लावणार नाही. सेन्सर आणि दात्यात साधारण १ मिलिमीटरचं अंतर, आणि सेन्सरचं ब्रॅकेट जाड पट्टीचं. पातळ पत्र्याचं ब्रॅकेट थरथरतं आणि ती थरथर टायमिंगमध्ये उतरते.

सेन्सर व्हीआर घेऊ की हॉल?

व्हीआर म्हणजे चुंबक आणि तारेची गुंडाळी, दोन वायरचा, बाहेरून करंट लागत नाही, उष्णता आणि तेलाला दाद देत नाही. पण स्टार्टर हळू फिरत असेल तर सिग्नल फार अशक्त येतो. हॉलला तीन वायर, सप्लाय लागतो, पण इंजिन कितीही हळू फिरो, सिग्नल स्वच्छ चौकोनी मिळतो. चकती लहान असेल किंवा स्टार्टर दमलेला असेल तर हॉल, नाहीतर व्हीआर चांगलाच. ईडीआयएसला मात्र व्हीआरच लागतो.

व्हीआरच्या दोन वायर उलट्या लागल्या तर काय होतं ते मी स्वतः भोगलंय. इंजिन एका चावीत सुरू झालं, आयडलिंग सुंदर, टायमिंग लाइटवर खूण जागच्या जागी. रेस केलं आणि २५००च्या पुढे खूण पुलीवर पाठीमागे सरकायला लागली, ३०००ला फटाफट बॅकफायर. मी दोन दिवस टेबल बदलत बसलो, प्लग बदलले, कॉइल बदलली. शेवटी त्या दोन वायर अदलाबदल केल्या आणि खूण ५००० पर्यंत पुलीला चिकटल्यासारखी उभी राहिली. कारण साधं आहे, दाता सेन्सरसमोरून जाताना सिग्नल एका बाजूने सरळ उभा शून्य ओलांडतो, दुसऱ्या बाजूने तिरका, वायर उलट्या असल्या की ईसीयू तिरकी बाजू पकडतो आणि ती आरपीएमप्रमाणे सरकते, खाचेपाशी तर तिचा भरवसाच नसतो. तेव्हा आरपीएम वाढवल्यावर स्थिर टायमिंग सरकताना दिसलं तर पहिला संशय इथेच घ्या.

ईडीआयएसचं मॉड्यूल ईसीयूशी कसं बोलतं?

दोनच वायरवर. मॉड्यूल चकती वाचून ईसीयूला साफ चौकोनी सिग्नल देतं, त्याला पिप म्हणतात. ईसीयू परत एक पल्स पाठवतो, तो सॉ, स्पार्क टीडीसीच्या किती अंश आधी द्यायचा ते त्यातून कळतं. त्या पल्सची लांबी म्हणजे अ‍ॅडव्हान्स: १५३६ मायक्रोसेकंदातून प्रत्येक अंशाला २५.६ वजा करायचे. १० अंश हवे तर १२८०, २० अंशांना १०२४, ३० अंशांना ७६८. कॉइल किती वेळ चार्ज करायची ते मॉड्यूल स्वतः ठरवतं, तुम्ही काही करायचं नाही.

आणि याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सॉची वायर तुटली किंवा ईसीयू मेला तरी मॉड्यूल १० अंशांवर स्पार्क देत राहतं. कार्ब्युरेटर अजून लावलेला असेल तर इंजिन ओढणार नाही फारसं, पण घरी आणेल. सुरुवातीच्या दिवसांत हा मोठा आधार आहे.

वेस्टेड स्पार्कमध्ये एक स्पार्क फुकट जातो, त्याने काही बिघडतं का?

नाही. एका कॉइलला दोन सिलिंडर, १-३-४-२ फायरिंग ऑर्डर असेल तर १ आणि ४ एकत्र, २ आणि ३ एकत्र. एक कॉम्प्रेशनवर असतो तेव्हा दुसरा एक्झॉस्टवर, तिथला स्पार्क वाया जातो, पण तिथे दाब नसल्यामुळे त्याला व्होल्टेजही फार कमी लागतं. फायदा असा की कॅमचा सेन्सर लागत नाही, क्रँकवरची एक चकती पुरते.

डेल्को काढून टाकू का?

थांबा, आधी तेलाचा पंप कशावर फिरतो ते बघा. बऱ्याच जुन्या इंजिनांमध्ये डेल्कोच्या शाफ्टवरच तेलाचा पंप फिरतो, डेल्को उपटून भोकाला झाकण लावलं तर इंजिन काही मिनिटांत जाम होईल. अशा ठिकाणी वरचा भाग कापून शाफ्ट आणि गिअर तसेच ठेवतात आणि वर टोपी बसवतात.

डेल्को ठेवूनच काम करायचं असेल तर वजनांचा अ‍ॅडव्हान्स आणि व्हॅक्यूमचा अ‍ॅडव्हान्स दोन्ही लॉक करा, कारण आता अ‍ॅडव्हान्स ईसीयू देणार आहे. मग रोटरचं टोक बघा. टायमिंग १० पासून ३५ अंशांपर्यंत बदलणार, तेवढ्या पूर्ण पट्ट्यात रोटर योग्य सेगमेंटच्या समोर राहिला पाहिजे, नाहीतर स्पार्क कॅपच्या आतच शेजारच्या सिलिंडरवर उडी मारतो. डेल्को क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणजे क्रँकचे २५ अंश तिथे साडेबाराच होतात, जुळवता येतं.

कॉइल चावी फिरवताच जळली, का?

आउटपुटची दिशा उलटी सेट झाली. काही कॉइल सिग्नल वर गेला की चार्ज होतात आणि खाली आला की स्पार्क देतात, काही ड्रायव्हर याच्या उलट चालतात. सॉफ्टवेअरमध्ये हे चुकलं की इंजिन बंद असताना कॉइल सतत चार्ज होत राहते. माझ्या एका पॅकच्या तळातून काळा चिकट पदार्थ वितळून खाली आला होता, हात लावला तर चटका, आणि चावी चालू होऊन जेमतेम मिनिट झालं होतं. तेव्हापासून मी नवीन सेटिंग टाकताना कॉइलचा फ्यूज काढून ठेवतो, आधी सिग्नलच्या पिनवर मीटर लावून इंजिन बंद असताना तिथे किती व्होल्ट आहेत ते बघतो, मगच फ्यूज. जुना बॅलास्ट रेझिस्टरही काढा, नव्या कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट लागतात.

आधी कार्ब्युरेटर ठेवून नुसतं इग्निशन चालवता येईल का?

हाच माझा आग्रह आहे! ईसीयू, चकती, कॉइल, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, त्यावरून लोड कळतो) एवढं लावा आणि जुन्या कार्ब्युरेटरवर काही दिवस गाडी वापरा. बिघाड आला तर तो स्पार्कचाच, पेट्रोलवर संशय घ्यायची गरजच नाही. पहिलं काम म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर फिक्स करून पुलीवर पांढऱ्या रंगाची खूण करायची आणि लाइट मारून बघायचं. लाइटवर १० दिसेपर्यंत सॉफ्टवेअरमधला ऑफसेट बदला. स्क्रीनवरचा आकडा आणि पुलीवरचा आकडा एक झाल्याशिवाय पुढचं काहीही ट्यून करू नका, कारण नाहीतर तुम्ही स्क्रीनवर २८ लिहाल आणि इंजिनात ३६ जात असतील, आणि पिस्टन फुटल्यावरच ते कळेल.

पेट्रोलची लाइन जुनीच चालेल?

नाही, आणि इथे कंजुषी करू नका, आगीशी गाठ आहे. कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप ०.२ ते ०.४ बार दाब देतो. पोर्ट इंजेक्शनला (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) साधारण ३ बार लागतात. जुना रबरी पाइप आणि स्क्रू फिरवून आवळायचे पट्टीचे क्लॅम्प एवढ्या दाबाला टिकत नाहीत, इंजेक्शनसाठी म्हणूनच बनवलेला पाइप आणि त्याचे गोल क्लॅम्प घ्या. रेग्युलेटरकडून टाकीत परतीची लाइन हवी. बऱ्याच जुन्या टाक्यांत बॅफल (पेट्रोल हिंदकळू न देणारे आतले पडदे) नसतात, वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, त्यासाठी मध्ये छोटी सर्ज टाकी बसवतात, जुना पंप ती भरतो आणि नवा पंप तिच्यातून ओढतो.

पंप रिलेवर, रिले ईसीयूच्या ताब्यात. चावी लावल्यावर दोन सेकंद चालून थांबला पाहिजे आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद. पंप थेट चावीवर जोडलेला असेल आणि धडकेत पाइप तुटला तर ३ बारने पेट्रोल गरम एक्झॉस्टवर उडत राहील. धडक बसताच पंपाचा करंट तोडणारा इनर्शिया स्विचही घाला.

इंजेक्टर किती मोठा?

हिशोब करा. पूर्ण लोडला एका एचपीमागे तासाला साधारण २२५ ग्रॅम पेट्रोल धरा. १०० एचपीच्या इंजिनाला साडेबावीस किलो, चार इंजेक्टरमध्ये वाटले तर प्रत्येकी साडेपाच किलोच्या वर थोडं, म्हणजे मिनिटाला साधारण १२५ सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून १२५ भागिले ०.८, साधारण १६० सीसीचा इंजेक्टर. पुढे कधीतरी टर्बो लावू म्हणून ४०० सीसीचे लावू नका, आयडलिंगला ते इतका कमी वेळ उघडतात की दरवेळी वेगळंच पेट्रोल पडतं.

आणि ओहम मोजून घ्या. १२ ते १६ ओहम असतील तर थेट जोडा, २-३ ओहमचे जुने इंजेक्टर असतील तर रेझिस्टर किंवा त्यांच्यासाठीचा खास ड्रायव्हर लागतो, नाहीतर ईसीयू जळतो.

इंजेक्टर बसवायचे कुठे?

कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी बसवून तिच्यातच एक-दोन इंजेक्टर, हे झटपट होतं, दाबही बहुतेक कमी लागतो, पण पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतीला लागून जातं आणि टोकाच्या सिलिंडरला कमी-जास्त मिळतं, ती जुनी तक्रार तशीच राहते. पोर्टमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर हे जास्त काम आहे, पण खरं समाधान त्यातच. मॅनिफोल्डला बुश वेल्ड करताना कोन असा ठेवा की फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडेल. वेल्डिंगने मॅनिफोल्ड वाकतं, हेडवर बसणारी बाजू नंतर प्लेन करून घ्या.

सेन्सर कोणते?

मॅप, थ्रॉटल पोझिशन, पाण्याचं तापमान, हवेचं तापमान. मॅपची नळी सगळ्या सिलिंडरच्या सामाईक जागेतून घ्या. हवेचा सेन्सर तापलेल्या मॅनिफोल्डवर नको, फिल्टरच्या बाजूला. पाण्याच्या सेन्सरला वेगळी जागा करा, डॅशबोर्डच्या काट्याचा जुना सेन्सर ईसीयूला चालत नाही.

साधा ओ-टू सेन्सर पुरेल का?

ट्यूनिंगला नाही पुरत. तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये उडी मारतो आणि हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो. पूर्ण थ्रॉटलला साधारण १२.५ ते १३ हवं असतं, तिथे तो आंधळा. वाइडबँड (हे प्रमाण प्रत्यक्ष आकड्यात मोजणारा सेन्सर) घ्या, बॉशचा एलएसयू ४.९ बहुतेक कंट्रोलर वापरतात. बुश एक्झॉस्टच्या वरच्या अंगाला, तिरका, म्हणजे पाणी सेन्सरमध्ये साठणार नाही. हीटर बंद ठेवून इंजिन चालवलं की सेन्सर काजळीने मरतो.

ईसीयू कोणता घ्यावा?

ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी २००१च्या सुमारास मेगास्क्वर्ट आणला तेव्हापासून हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. अर्डुइनो मेगावर चालणारा स्पीडुइनो आहे, त्याचं सगळं डिझाइन खुलं आहे. दोन्हींना ३६ वजा १ आणि ६० वजा २ समजतात. नव्या गाडीचा मूळ ईसीयू उचलून बसवणं मात्र टाळा, त्याला त्याच गाडीचे सगळे सेन्सर हवे असतात आणि एक जरी दिसला नाही तरी तो हट्ट धरून बसतो.

ईसीयू मधेच रिसेट होतो.

प्लग बघा. रेझिस्टर नसलेले प्लग आणि तांब्याच्या सरळ वायरी असतील तर त्या रेडिओ स्टेशनसारख्या लहरी सोडतात आणि त्याने ईसीयू गोंधळतो, रेझिस्टरवाले लावले की अर्ध्या वेळा तिथेच संपतं. मग अर्थिंग. कॉइलचं आणि ईसीयूचं पॉवरचं अर्थिंग (इंजेक्टरचा करंट याच वाटेने जातो) इंजिन ब्लॉकवर, सेन्सरचं अर्थिंग फक्त ईसीयूवर परत, ब्लॉकवर नाही. व्हीआरची वायर शिल्डवाली घ्या, शिल्ड एकाच टोकाला जोडा आणि प्लगच्या वायरींपासून लांब न्या.

डायनॅमो पुरेल का? आणि पॉझिटिव्ह अर्थवाली गाडी असेल तर?

पंप, कॉइल, इंजेक्टर, वाइडबँडचा हीटर मिळून चांगलाच करंट लागतो, आणि डायनॅमो आयडलिंगला जवळजवळ चार्ज करतच नाही. अल्टरनेटर लावा. पॉझिटिव्ह अर्थ गाडी आधी निगेटिव्ह अर्थ करून घ्यावीच लागते, ६ व्होल्टची असेल तर १२, याला दुसरा मार्ग नाही.

एक सिलिंडरच्या इंजिनाला जमतं का?

जमतं, पण मॅपचा काटा प्रत्येक सक्शनला खालीवर उड्या मारतो, म्हणून ईसीयूला मॅप ठराविक क्रँक अँगलवर वाचायला सांगावं लागतं, किंवा थ्रॉटल आणि आरपीएमवर टेबल बनवावं लागतं. प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी असलेल्या इंजिनालाही हेच लागू.

पॉवर आणि मायलेज किती वाढेल?

ठोस आकडा कुणी सांगत असेल तर ऐकू नका. नीट ट्यून केलेला कार्ब्युरेटर पूर्ण थ्रॉटलला फारसा मागे नसतो. फरक पडतो तो थंडीत चोक न ओढता सुरू होण्यात, उंचावर गेल्यावर न गुदमरण्यात, आणि अर्ध्या थ्रॉटलला, कारण तिथे आता अ‍ॅडव्हान्स आणि पेट्रोल दोन्ही लोड बघून ठरतं.

पहिला स्टार्ट कसा घ्यायचा?

इंजेक्टर आणि कॉइल दोन्हींचे फ्यूज काढून नुसता स्टार्टर मारा, स्क्रीनवर २००च्या आसपास स्थिर आरपीएम दिसला पाहिजे, उड्या मारत असेल तर तिथेच थांबा आणि सेन्सरचं अंतर बघा. मग कॉइलचा फ्यूज, प्लग बाहेर काढून लांब बाजूला अर्थ करून स्पार्क बघा, जवळपास पेट्रोलचा थेंबही नको. मग पंप चालवून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, ओला झाला तर पुढे जायचं नाही. शेवटी इंजेक्टरचा फ्यूज. पेट्रोल ओव्हर झालं तर थ्रॉटल पूर्ण दाबून स्टार्टर मारा, ईसीयूत फ्लड क्लिअर चालू असेल तर तो इंजेक्टर बंद ठेवतो आणि सिलिंडर कोरडे होतात. सुरू झालं की लगेच रेस करू नका, एकाने टायमिंग लाइट पुलीवर धरायचा, दुसऱ्याने वाइडबँडकडे बघायचं, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवायचा.